निळा दोरा

बाईंचा आवाज ऐकायला वर्गात जावं लागत नसे. शाळेच्या फाटकापाशी उभं राहिलं तरी दुसरीत कितवा धडा चाललाय ते कळायचं. बाई एक ओळ म्हणायच्या आणि चाळीस गळे तीच ओळ परत म्हणायचे, शेवटचं अक्षर लांबवून, झोक्याला हेलकावा द्यावा तसं. रस्त्यानं जाणारी माणसं कौतुकानं थांबायची. "बाईंच्या वर्गातली बाकंसुद्धा वाचतात," असं एक हेडमास्तर कधीतरी म्हणून गेले होते. ते वाक्य वस्तीत इतकं फिरलं की शेवटी ते कुणाचं हे कुणालाच आठवेना.

निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली होती. राहायला शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खुर्च्या चार, त्यातली एक रोजच्या वापरातली, बाकीच्या पाहुण्यांच्या, आणि पाहुणे बेताचेच. यजमान जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मुलगी दूर, तिचा फोन रविवारी. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त सकाळचे अकरा वाजले की बाईंचं बिनसायचं. अकराचा तास वाचनाचा. निवडायला घेतलेली भाजी तशीच हातात राहायची आणि खोलीत चाळीस मुलं म्हणायला लागायची.

बाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. शिवाय ही मुलं काही मेलेली नव्हती. चांगली धडधाकट होती, मोठी झाली होती, त्यातली कितीतरी वस्तीतच राहत होती आणि येताजाता "नमस्कार बाई" म्हणत होती. तेच तर वाईट होतं. बाईंनी रेडिओ मोठा लावून पाहिला. अकराला मुद्दाम बाजारात जाऊन पाहिलं. आवाज पिशवीतून आल्यासारखा बरोबर यायचा. डोळे मिटले की चेहरे दिसायचे नाहीत, बोटं दिसायची. पुस्तकाच्या ओळीखालून सरकणारी चाळीस लहान बोटं.

आणि दर गुरुवारी निळा दोरा यायचा.

कोपऱ्यावर धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईला सगळे दोरेवाली म्हणायचे, कारण तिच्याकडे कपडे दिले की प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूनं दोऱ्याचा एक टाका पडायचा. शिंप्याचा हिरवा, औषधवाल्याचा पिवळा, हेडमास्तरांचा लाल, जिथे माणसं जास्त तिथे दोन रंग एकत्र. एवढी घरं, पण वीस वर्षांत कुणाचा शर्ट कुणाच्या घरी गेला नव्हता. तिचे वडील दुकान बघायचे तेव्हा कापडी चिठ्ठीवर पक्क्या शाईनं नाव लिहायचे. तिनं दुकान हातात घेतलं आणि चिठ्ठ्या बंद केल्या. "डोकं चालतं हो हिचं," असं वस्ती म्हणायची.

चिठ्ठ्या का बंद झाल्या ते वस्तीत एकट्या बाईंना माहीत होतं. त्या गुरुवारी आलेल्या गठ्ठ्यातून ब्लाउज काढायच्या, मानेजवळचा निळा टाका नखानं उसवायच्या आणि तो दोरा बटणांच्या जुन्या डबीत टाकायच्या. फेकून देणं त्यांना कधी जमलं नाही. डबी आता दाबून बंद करावी लागायची.

झालं होतं ते असं. सत्तावीस वर्षांपूर्वी, सहामाही परीक्षा झाल्यावर, दुसरीच्या वाचनाचं नवं पुस्तक आलं. वरच्या लोकांनी धडे बदलले होते, पण चित्रं जुनीच ठेवली होती. काटकसर असावी, नाहीतर आळस. नवव्या धड्यावर तेच चित्र होतं: नदी, नाव, नावेत काठी घेतलेला म्हातारा. जुन्या धड्यात होतं, म्हातारा नावेत बसला, नाव हलली, काठी पाण्यात पडली. नव्यात होतं, नदीला पूर आला, आजोबा थांबले, पाणी ओसरले. बाईंनी पुस्तकं वाटली, नववा धडा काढायला सांगितला आणि घसा बसला होता म्हणून त्या दिवशी स्वतः ओळ न सांगता म्हणाल्या, "चला, तुम्हीच वाचा."

चाळीस मुलांनी बोटं ठेवली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "म्हातारा नावेत बसलाऽऽ. नाव हललीऽऽ."

बोटं नव्या शब्दांखालून सरकत होती आणि तोंडातून जुना धडा बाहेर पडत होता. कुणी अडखळलं नाही. कुणाला काही खटकलं नाही. ओळ संपली तेव्हा बोटंसुद्धा वेळेवर थांबली. बाईंनी मुलांना एकेक करून टेबलाशी बोलावलं, चित्रावर हात ठेवला आणि वाचायला लावलं. नऊ मुलांनी वाचलं. एकतीस मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आता बाई सांगतील आणि आपण म्हणू, अशी. त्यात सर्वांत गोड म्हणणारी, तपासणीच्या वेळी हमखास पहिल्या रांगेत बसवली जाणारी एक दोन वेण्यांची मुलगी होती. ती इस्त्रीवाल्याची.

तपासणी आठ दिवसांवर आली होती. साहेब येणार, बाईंचं नाव जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी गेलेलं. बाईंनी चाळीसही पुस्तकं गोळा केली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तपासणीला जुनी पुस्तकं काढली. साहेब खूश होऊन गेले. पुरस्कार मिळाला, फोटो निघाला. पण वर्षाअखेरीला प्रगतिपुस्तकं भरायची होती आणि एकतीस मुलांचं काहीतरी लिहायला तर हवं होतं. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, लक्ष कमी. कुठे लिहिलं, घरी सराव नाही. दोन वेण्यांच्या मुलीचा बाप विचारायला आला, हातात टोपी धरून. "बाई, ती घरी सगळं पुस्तक धडाधड म्हणते. पण दुकानाची पाटी वाच म्हटलं तर गप्प बसते. असं का?"

बाई त्याला म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही हो. बुद्धी बेताची आहे तिची. हाताला चांगली आहे पण."

त्यानं ऐकून घेतलं. बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. चौथीनंतर मुलगी दुकानात दिसायला लागली.

त्यानंतर बाईंनी महिनाभर चित्रांवर हात ठेवून शिकवून पाहिलं, खोटं कशाला बोला. पण दुसरं कसं शिकवायचं ते त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला जावं तर का विचारता हे सांगावं लागलं असतं. पुरस्कार मिळालेल्या बाईनं कुणाला विचारायचं? पुन्हा ओळ म्हणणं सुरू झालं. पुढची पंधरा वर्षं त्यांनी एकेकट्या मुलाला वाचायला लावलं नाही. एकतीस हा आकडा मात्र पाठ राहिला.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयात नवी ग्रंथपाल आली. वय तिशीच्या आत, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं घाईघाईचं. पुस्तकांवरची धूळ झटकून झाल्यावर ती मुलांच्या मागे लागली. शाळा सुटल्यावर तिसरीची मुलं एकेक करून बोलवायची, समोर कागद ठेवायचा, घड्याळ लावायचं आणि मूल मिनिटभर वाचेल ते ऐकायचं. कागदावर चार ओळी, कुठल्याही पुस्तकात नसलेल्या, आणि चित्र नाही. एकशे बारा मुलं ऐकून झाली तेव्हा सदुसष्ट मुलांना त्या चार ओळी वाचता आल्या नव्हत्या. ही सगळी मुलं वर्गात मात्र वाचत होती.

एका सकाळी ती जिना चढून बाईंकडे आली. शिंपी तिला वर पोचवून गेला, कौतुकानं.

"बाई, आमच्या कामाच्या अध्यक्ष तुम्ही व्हा."

"कसलं काम?"

"रोज अर्धा तास शाळेत. थोडी अक्षरं घ्यायची, अक्षराचा आवाज पक्का करायचा, आवाज जोडून शब्द, मग पुढची अक्षरं. मी शोध लावलेला नाही हो, ठिकठिकाणी लोकांनी वर्षानुवर्षं ताडून पाहिलंय. आणि प्रत्येक मूल वेगळं ऐकायचं. त्यासाठी माणसं लागतात. खालचे शिंपीकाका तयार आहेत, औषधवाले तयार आहेत, निवृत्त पोस्टमनकाका तर आजच या म्हणतात. एकेकानं पाच मुलं ऐकायची."

"वर्गात म्हणून घेतात की सगळ्यांकडून," बाई म्हणाल्या.

"तेच तर. सगळी एकदम म्हणायला लागली की कोण वाचतंय आणि कोण नुसतं म्हणतंय ते कळत नाही ना."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. घड्याळात अकराला पाच कमी होते.

"हेडमास्तर म्हणतात, पालक हो म्हणाले तर माझी हरकत नाही," ग्रंथपाल उत्साहानं सांगत होती. "आणि पालकांना विचारलं तर ते म्हणतात, बाई काय म्हणतात? अर्ध्याअधिक पालक तुमचेच विद्यार्थी. आम्ही बाईंकडे असंच शिकलो, मग हे नवीन कशाला, म्हणतात. तुम्ही एक शब्द टाकलात की काम झालं."

"माझं आता वय झालं," बाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी कपबशा उचलल्या.

नंतरच्या गुरुवारी दोरेवाली गठ्ठा घेऊन आली, बरोबर तिची आठ वर्षांची मुलगी. मुलीनं खुर्चीवरचं वर्तमानपत्र घेतलं आणि साबणाच्या जाहिरातीखाली बोट धरून टीव्हीवरचं साबणाचं गाणं सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी वाकून पाहिलं. साबणाच्या चित्राखाली लिहिलं होतं की दुकानाची जागा बदलली आहे, ग्राहकांनी नोंद घ्यावी. बोट त्या ओळीच्या शेवटापर्यंत नीट गेलं.

"या वर्षापासून हिला दुकानातच घेते," दोरेवाली म्हणाली. "त्या वाचनालयातल्या ताईंनी कागद दिला तर एक शब्द नाही आला हिला. शिकवते म्हणतात. मी म्हटलं, राहू दे ताई, डोक्यानं माझ्यावर गेलीय. तुमच्यासारख्या बाईंच्या हाताखाली मला आलं नाही, तर हिला कोण शिकवणार? शनिवारच्या पालकसभेत सांगूनच टाकते, उगाच सगळ्यांचा वेळ नको."

हे तिनं हसत सांगितलं. अगदी मनापासून, लाजून हसली, आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या खोडीबद्दल सांगावं तशी. बाईंना वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुकानात घेऊ नकोस इतक्यात," त्या म्हणाल्या.

"का बाई?"

दोरेवालीनं क्षणभर वाट पाहिली, मुलीच्या हातातलं वर्तमानपत्र काढून नीट घडी करून ठेवलं, आणि दोघी गेल्या. बाईंनी त्या दिवशी गठ्ठा सोडला नाही. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. कपाटात कोंडलेल्या चाळीस पुस्तकांपैकी एक निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी आणलं होतं, का ते स्वतःलाही न सांगता. ते पेटीच्या तळाशी होतं. दोन दिवस ते टेबलावर पडून राहिलं आणि दोन दिवस बाईंचं जेवणात लक्ष लागलं नाही. कुणाला काय दिसेल, काय म्हणतील, नावाचं काय होईल, सगळं मनात येऊन गेलं. सत्तरीला आल्यावर नावाशिवाय माणसाकडे असतं काय?

शनिवारी चार वाजता शाळेचा मोठा हॉल भरला. बाईंना पुढची खुर्ची मिळाली. ग्रंथपालनं आकडे सांगितले. मागे कुजबूज वाढली. एक जण उठून म्हणाला, "आम्ही काय अडाणी राहिलो का? बाईंनी शिकवलंच ना आम्हाला!" टाळ्या पडल्या. हेडमास्तर हात जोडून बाईंकडे वळले. "यांच्या वर्गात चाळीसच्या चाळीस मुलं वाचायची. दोष पद्धतीत नाही, आजकालच्या मुलांच्यात आहे." पुन्हा टाळ्या. मग दोरेवाली उभी राहिली, पदर सावरत. ती म्हणाली की प्रत्येकाला येतंच असं नाही, तिला स्वतःला बाईंकडूनही आलं नव्हतं, तर ताईंनी वाईट वाटून घेऊ नये.

बाई उठल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, नववा धडा उघडला आणि दोन्ही हातांनी वर धरला, सगळ्यांना चित्र दिसेल असा.

हॉलमध्ये आधी हसू पसरलं, ओळखीचं. मग मागच्या बाजूनं कुणीतरी थट्टेत सुरुवात केली, "म्हातारा नावेत बसलाऽऽ." दुसऱ्यानं साथ दिली, तिसऱ्यानं दिली, आणि पन्नास-साठ बाप आणि आया, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, एका सुरात म्हणायला लागली. नाव हललीऽऽ. काठी पाण्यात पडलीऽऽ. कित्येकांचे डोळे भरून आले होते. दोरेवाली उभ्यानंच म्हणत होती, सर्वांत गोड तिचाच आवाज, आणि तिचं बोट हवेत डावीकडून उजवीकडे सरकत होतं.

बाईंच्या खोलीत रोज अकराला यायचा तो आवाज हाच. पुस्तक त्यांनी खाली घेतलं नाही.

"हे इथं लिहिलेलं नाही," आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या. त्यांनी पुस्तक पहिल्या रांगेतल्या पोस्टमनच्या हातात दिलं. "वाचा."

पोस्टमननं चष्मा लावला. "नदीला पूर आला. आजोबा थांबले." तो गोंधळून बाईंकडे बघायला लागला.

मग बाईंनी सांगितलं. बसलेला घसा, बोटं, नऊ आणि एकतीस, कुलूप, तपासणी, पुरस्कार, शेरे. आवाज मोठा करायची सवय होती, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत सगळं नीट ऐकू गेलं. "मी शिकवलं नाही. मी म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचात. काहींना वाचायला आलं ते त्यांचं त्यांना आलं. ही वाचनालयातली मुलगी सांगतेय तसं शिकवलं असतं तर बाकीच्यांनाही आलं असतं. दोष मुलांच्यात नव्हता. मला माहीत होतं."

"बाई, हे चारचौघांत कशाला?" हेडमास्तर हळूच म्हणाले.

दोरेवाली अजून उभीच होती.

"तेव्हाच माहीत होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि माझ्या बाबांना सांगितलंत ते?"

"खोटं होतं ते."

दोरेवालीनं मान हलवली, हिशेब लागत नसताना माणूस हलवतो तशी. "बाबा जातानाही मला म्हणत होते, माझ्यामागे तुझं कसं होणार गं, तुला तर काही समजत नाही." एवढंच म्हणून तिनं मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली. मागचं दार आपटलंसुद्धा नाही, हळूच लागलं.

नव्या कामाला संमती म्हणून हात वर झाले ते सावकाश, एकेक करत, पण पुरेसे झाले. सोमवारपासून काम सुरू झालं. शिंपी, औषधवाला, पोस्टमन, सगळे आपापली पाच मुलं ऐकायला बसू लागले. शिंप्यानं बाईंशी बोलणं टाकलं, त्याच्या धाकट्या भावाचा शेरा त्याला आठवत होता. रस्त्यावरचे नमस्कार निम्म्यानं कमी झाले. ग्रंथपालनं वाचनालयात दुपारी बाईंना एक टेबल दिलं, आणि बाई तिशी न ओलांडलेल्या पोरीकडून धडे घेऊन, वहीत उतरवून, मुलं ऐकायला शिकल्या. दोरेवालीची मुलगी दुकानात बसली नाही. ती यायची, पोस्टमनच्या टेबलाशी. तिच्या आईनं निरोप धाडला होता की बाईंच्या टेबलाशी बसवायचं नाही. गुरुवारचा गठ्ठा बंद झाला. बाई घरीच कपडे धुऊ लागल्या, आणि डबी होती तेवढीच भरलेली राहिली.

चौथ्या महिन्यात एका दुपारी अडीचला, दुकान बंद असायच्या वेळी, दोरेवाली वाचनालयात आली. पोस्टमनच्या टेबलाकडे तिनं बघितलं नाही. सरळ आली आणि बाईंसमोरच्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसली, गुडघे वर काढून. बोटांवर इस्त्रीच्या भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या.

"क्षमा करायला आलेले नाही," ती म्हणाली.

"नको करूस," बाई म्हणाल्या.

"कागद द्या. चित्र नको."

बाईंनी पहिला कागद ठेवला. घर बघ. नळ बघ. जग भर. दोरेवालीनं बोट ठेवलं. ते जागचं हललं नाही. घामानं कागदावर ओला डाग उमटला. मुलीकडून रात्री चोरून थोडी अक्षरं शिकून आली असावी, कारण ओठ हलत होते, घ, घ. बाईंची जीभ टाळ्याला लागली. एकोणचाळीस वर्षांची सवय होती ती, मूल अडलं की शब्द पुरवायची. तोंड उघडलंच होतं त्यांनी.

दोरेवालीनं मान वर न करता दुसरा हात उचलून त्यांच्यासमोर धरला.

"माझ्याआधी म्हणायचं नाही," ती म्हणाली.

बाईंनी तोंड मिटलं. समोर एकच बोट होतं, आणि ते एका अक्षराखाली थांबून होतं. बाई वाट बघत बसल्या.